शिकागोच्या बर्फात एकटीनं फिरायचंय, मुलगा नको म्हणतो

सोलापूरच्या होटगी रोडवरून एका ताईंचं पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगते. ताई ५९ वर्षांच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, पक्क्या शाकाहारी. जानेवारीत दीड महिना मुलाकडे शिकागोला निघाल्यात. मुलगा-सून सकाळी आठला ऑफिसला जातात ते संध्याकाळी सहाला येतात. घर तिथल्या ब्राऊन लाइन लोकलच्या स्टेशनापासून सात मिनिटांवर. ताईंना शहर बघायचंय, तिथलं खायचंय आणि तेही एकटीनं. मुलगा म्हणतो, आई, बर्फ असतो, घसरून पडशील, घरी बस, शनिवार-रविवारी आपण गाडीतून जाऊ. ताई विचारतात, "मी हट्ट करतेय का? आणि केलाच तर काय घालू, कुठं जाऊ, काय खाऊ? जन्मात पहिल्यांदा गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, चुकणार आहे, तो चुकवून चार भिंतीतच बसायचं असेल तर जाऊच कशाला?"

ताई, हा हट्ट नाहीये. तुम्ही जा आणि खुशाल एकट्या फिरा. तीस-पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला लोकलमध्ये बसून कुठं उतरायचं हे कळत नाही असं होत नाही ओ. माझी बहीण तिकडे राहते, मी तिच्याकडे ऐन हिवाळ्यात राहून आलेय, त्यामुळं हे ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बर्फ पडला की सगळं बंद पडत असेल असं आपल्याला इथं बसून वाटतं, तसं काही नसतं. शिकागोत एका हिवाळ्यात सरासरी ९० सेंटिमीटरच्या वर बर्फ पडतो, जानेवारीत दिवसाचं तापमान शून्याच्या आसपास आणि रात्रीचं उणे सात-आठ, म्हणजे त्यांना ते रोजचंच आहे. १९७९ च्या जानेवारीत मोठं वादळ आलं, रस्ते आणि ट्रेन नीट चालू ठेवता आल्या नाहीत म्हणून लोकांनी पुढच्याच महिन्यात मेयर मायकल बिलँडिकना त्यांच्याच पक्षाच्या निवडणुकीत पाडलं आणि जेन बर्न शहराच्या पहिल्या महिला मेयर झाल्या. त्यामुळं बर्फ पडायला लागला रे लागला की मीठ टाकणाऱ्या गाड्या रस्त्यावर असतात, आणि घरासमोरचा फुटपाथ ज्याचा त्यानं साफ करायचा असा तिथं नियमच आहे. शाळकरी पोरं, म्हाताऱ्या आज्या, पोस्टमन सगळे बाहेर फिरत असतात. मग तुम्हीच का नाही?

पण मुलाची भीती पण अगदीच उडवून लावू नका, तो घाबरतोय ते बरोबर आहे, फक्त तो बर्फाला घाबरतोय आणि घाबरायला पाहिजे गोठलेल्या पाण्याला. भुरभुर नवा बर्फ पडतोय ना, त्यावर पाय छान धरतो, कचकच आवाज येतो, मजा वाटते. खरा धोका दुसऱ्या दिवशी असतो. आभाळ स्वच्छ, ऊन झक्क, आपल्याला वाटतं वा काय दिवस आहे, आणि काल वितळलेलं पाणी रात्री फुटपाथवर काचेसारखं पातळ गोठून बसलेलं असतं, ते दिसतच नाही, फक्त ओला रस्ता वाटतो. त्याला तिकडे ब्लॅक आइस म्हणतात. त्यामुळं बर्फ पडत असतानाच्या दिवशी बिनधास्त निघा आणि त्यानंतरच्या चकचकीत सकाळी थोडं थांबून, दहा-साडेदहानंतर निघा, तोपर्यंत मीठ पडून काम झालेलं असतं. चालताना पावलं छोटी, तळवा सपाट, हात खिशात घालायचे नाहीत कारण तोल गेला तर हातच कामाला येतात. जिन्याचा कठडा धरायचाच.

अजून एक, रस्ता ओलांडायच्या कोपऱ्यावर करड्या रंगाचा लगदा साचलेला असतो. वरून बघितलं तर घट्ट वाटतो, पाय टाकला की घोटाभर बर्फाचं पाणी, आणि मग अख्खा दिवस ओला मोजा. तिथं कोपरा सोडून दोन पावलं बाजूनं जा, किंवा पुढच्या माणसानं कुठं पाय ठेवला ते बघा. डाउनटाउनमध्ये उंच बिल्डिंगांच्या खाली वरून बर्फ पडतो अशा पाट्या उभ्या करतात, त्या शोभेच्या नाहीत, तिथं पलीकडच्या फुटपाथवरून जायचं. आणि मिशिगन लेकच्या काठावर गोठलेला बर्फ पांढराशुभ्र दिसतो, लोक त्यावर चढून फोटो काढतात, तुम्ही अजिबात चढायचं नाही, खाली पोकळ असतो आणि त्याखाली पाणी. काठावरून बघा, भरपूर दिसतं.

थंडीचं माप तापमानावरून नाही घ्यायचं, वाऱ्यावरून घ्यायचं. फोनवर तापमानाच्या खाली "फील्स लाइक" असा आकडा असतो तो बघा. उणे दहापर्यंत नीट कपड्यात आरामात फिरता येतं. उणे वीसच्या खाली गेला की त्या दिवशी घरी, वाद नाही. उणे अठ्ठावीसच्या आसपास तर उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. ३० जानेवारी २०१९ ला तिथं नुसतं तापमानच उणे ३१ पर्यंत उतरलं होतं, तसे दिवस क्वचित येतात पण येतात, तेव्हा घरात बसून चहा.

आता कपडे. आपण सोलापूरची माणसं, सुताची पारख आपल्याला कुणी शिकवायला नको, पण तिकडे अंगाला लागून कॉटन घालायचं नाही हे लक्षात ठेवा. चाललं की घाम येतो, कॉटन तो धरून ठेवतं आणि थांबलं की तोच गार पडून अंगात भरतो. आत थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, वर मांडीपर्यंत येणारं पिसांचं टोपीवालं जाकीट ज्यातून वारा आत येत नाही. एकच जाड कोट घालण्यापेक्षा हे तीन थर बरे, कारण दुकानात, ट्रेनमध्ये शिरलं की आत हीटिंग असतं आणि पटापट काढता यायला पाहिजे. साडी घरात नेसा, बाहेर नको, काठ त्या लगद्यात भिजतो आणि मिठाचे पांढरे डाग पडतात ते वेगळेच. पंजाबी ड्रेसच्या आत थर्मलची पॅन्ट घातली की झालं. बोटांचे ग्लोव्हज असतात त्यापेक्षा चार बोटं एकत्र असलेले मिटन्स जास्त ऊब देतात. बूट मात्र इथून नेऊ नका, आपल्याकडचे स्पोर्ट शूज तिकडच्या बर्फात निरुपयोगी आहेत, मुलाला सांगा पहिल्याच दिवशी दुकानात ने आणि वॉटरप्रूफ स्नो बूट घेऊन दे, जाड मोजा घालून अंगठा हलेल एवढे सैल. सगळ्यात जास्त पैसे बुटावर घाला, जाकीट सुनेचं जुनं असलं तरी चालेल. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यानं बॅटरी भसकन उतरते. चष्मा असेल तर आत शिरल्या शिरल्या काचा धुरकट होतात, दारात क्षणभर थांबा, मगच पुढं. आणि व्हॅसलिन, ओठांना, हाताला, टाचांना. हीटिंगमुळं घरातली हवा इतकी कोरडी असते की तहान लागत नाही तरी पाणी पीत राहावं लागतं.

फिरायचं कसं, तर माझा एकच नियम आहे. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त बाहेर चालायचं नाही, दहा मिनिटं झाली की एक दार उघडायचं. मग ते दुकान असेल, लायब्ररी असेल, खायचं ठिकाण असेल. अशी दारं जोडत जोडत अख्खं शहर बघून होतं, आणि खाणं पण त्यातच होतं. निघायच्या आधी रात्री दारं ठरवून ठेवा. सकाळी दहाला निघा आणि चारपर्यंत घरी या, कारण जानेवारीत तिकडे साडेचार ते पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

पहिल्या दिवशी काही न करता नुसती ब्राऊन लाइनमध्ये बसा. ही ट्रेन वरून, रस्त्याच्या डोक्यावरून जाते, वेल्स स्ट्रीटच्या पुलावरून नदी ओलांडते, गारठा कडक असेल तर खाली नदीत बर्फाच्या चकत्या तरंगत एकमेकींवर आपटत असतात, आणि मग डाउनटाउनला लूप म्हणजे अख्खी चक्कर मारून परत येते. १८९७ पासूनची आहे ही चक्कर. ट्रेन वळताना बिल्डिंगांच्या खिडक्या इतक्या जवळ येतात की आत टेबलावर बसलेली माणसं दिसतात. एका तिकिटात, ऊबेत बसून शहर बघून होतं. प्लॅटफॉर्मवर डोक्याच्या वर हीटर असतात, त्याखाली उभं राहायचं, काही ठिकाणी बटण दाबावं लागतं. गंमत म्हणजे त्या लाल दिव्याखाली सगळे अनोळखी लोक एकमेकांना खेटून उभे असतात आणि गप्पा तिथंच सुरू होतात.

एक बायकांची अडचण आधीच सांगते, स्टेशनवर बाथरूम नसतात असंच धरून चाला. हॅरोल्ड वॉशिंग्टन लायब्ररी, कल्चरल सेंटर, म्युझियम, मोठी दुकानं, ही आपली ठिकाणं. लायब्ररीच्या नवव्या मजल्यावर काचेच्या छताखाली विंटर गार्डन आहे, फुकट, तिथं बसून डबा खाल्ला नाही तरी पाय तरी मोकळे करा. कल्चरल सेंटर १८९७ ची इमारत, ती पण फुकट, वर टिफनी कंपनीनं केलेला रंगीत काचेचा घुमट आहे, जवळजवळ साडेअकरा मीटर रुंद, बाहेर आभाळ राखाडी असलं तरी आत मान वर करून उभं राहावंसं वाटतं.

आर्ट इन्स्टिट्यूटला, म्हणजे तिथल्या मोठ्या कला संग्रहालयाला, मात्र तिकीट काढून जा आणि पूर्ण दिवस द्या. याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद बोलले होते, समोरच्या रस्त्याच्या एका भागाला त्यांचं नाव दिलंय. तुम्ही शिक्षिका, हे भाषण किती पोरांकडून पाठ करून घेतलं असेल, तिथं उभं राहिल्यावर काय वाटतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. खालच्या मजल्यावर थॉर्न रूम्स आहेत, एका फुटाला एक इंच अशा मापानं केलेल्या इवल्याशा खोल्या, आत बोटाएवढ्या खुर्च्या, नखाएवढे कप, खिडकीतून येणारा उजेडसुद्धा. त्या नेमक्या ६८ आहेत. सिद्धेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांच्या गावच्या बाईनं मोजून याव्यात असं मला फार वाटतं.

आणि हाडं फारच गारठली ना, तर गारफिल्ड पार्क कन्झर्व्हेटरी. क्लार्क-लेकला उतरून ग्रीन लाइन घ्यायची, तिच्या नावाचंच स्टेशन आहे. १९०८ पासूनचं मोठं काचेचं घर, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत दमट ऊब, ताड, केळी, कोको, एका दालनात गोडव्याची झाडं लावलीत त्यात ऊस पण. सोलापूर जिल्ह्यातनं जाऊन शिकागोत ऊस बघायचा म्हणजे काही तरी वेगळंच. इथं मात्र पहिल्यांदा मुलाबरोबर शनिवारी जा, तो भाग ओळखीचा नाही आणि जरा लांब पडतो. विलिस टॉवरवर बर्फाच्या दिवशी जाऊ नका, ४४२ मीटरची बिल्डिंग आहे, वरून फक्त पांढरं दिसतं आणि तिकीट महाग.

आता खाणं, ज्याच्यासाठी तुम्ही खरं तर पत्र लिहिलंय.

सगळे तुम्हाला डेव्हॉन ॲव्हेन्यूला, म्हणजे तिथल्या देशी दुकानांच्या रस्त्याला पाठवतील, जा, पण तिथं सगळे दिवस घालवू नका. ब्राऊन लाइननं बेलमाँट स्टेशनला जायचं, तिथं रेड लाइन पकडून लोयोला, तिथून १५५ नंबरची बस. पटेल ब्रदर्स या देशी किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९७४ ला याच रस्त्यावर सुरू झालं. रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग म्हणतात आणि दुसऱ्याला जिना यांचं नाव, डोसा, चाट, फरसाण, मिठाई सगळं मिळतं. घरची आठवण आली की एक दुपार तिथं.

पण माझं ऐकाल तर आधी इथिओपियन खा. त्याच रेड लाइनवर एजवॉटरकडे ही हॉटेलं आहेत. त्यांच्या चर्चचे उपास वर्षात इतके असतात की बिनमांसाचं जेवण त्यांच्याकडे मुळातच आहे, आपल्यासाठी मुद्दाम काही करायला लागत नाही. व्हेजी कॉम्बो मागवा. मोठ्या थाळीत इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार, आंबूस पोळी पसरलेली आणि तिच्यावरच मसूर, कोबी, पालेभाजी वाढलेली, हातानं तोडून खायचं. त्यात शिरो असतं, हरभऱ्याच्या पिठाचं, लसूण आणि लाल तिखटाचं, आणि ते चक्क आपलं पिठलंच की ओ. बाहेर बर्फ पडतोय आणि आत गरम गरम शिरो, नाकातून पाणी येईपर्यंत तिखट, त्या थंडीला याच्यापेक्षा चांगला उतारा मला माहीत नाही.

डीप डिश पिझ्झा एकटीनं नका खाऊ, मुला-सुनेबरोबर खा. १९४३ पासून पिझ्झेरिया उनोत सुरू झालेला प्रकार, खोल तव्यात भाजतात, चीज खाली आणि टोमॅटो वर, भाजायलाच पाऊण तास लागतो आणि एका तुकड्यात पोट भरतं. पालकवाला घ्या. तिथली माणसं मात्र घरी पातळ, चौकोनी तुकडे केलेला टॅव्हर्न पिझ्झा जास्त खातात, तो कुरकुरीत असतो, मला तोच जास्त आवडला. कुठंही गेलं तरी जार्डिनेरा मागा, गाजर, फ्लॉवर, मिरच्यांचं तेलातलं तिखट लोणचं असतं, "हॉट" म्हणून सांगा. आपल्या जिभेला तिकडचं बाकी सगळं सपक लागतं, तिथं हे वाचवतं.

मेक्सिकन खायला पिल्सनला, पिंक लाइननं अठराव्या रस्त्याच्या स्टेशनला. नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट तिथंच, फुकट, म्हणजे तुमचं एक ऊबेचं दार झालं. सकाळी रस्त्यावर बायका थर्मासच्या मोठ्या डब्यातून चाम्पुर्राडो विकतात, मक्याच्या पिठाचं, चॉकलेट-दालचिनीचं दाट गरम पेय, ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायचं, आधी हात शेकतात मग पोट. तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, मात्र विचारून घ्या, नुसती मिरची-चीजवाली असली तरी पिठात डुकराची चरबी असू शकते. "मान्तेका?" म्हणजे चरबी आहे का, एवढं विचारलं तरी त्या समजतात.

शाकाहाराचं तिकडे हेच बघावं लागतं. व्हेजिटेबल सूप म्हणून देतात त्यात चिकनचं पाणी असतं, मेक्सिकन राजमा कधी चरबीत परततात, बीफ सँडविचवाल्यांकडे फ्राइज कधी कधी बीफच्या चरबीत तळलेल्या असतात. "नो मीट, नो चिकन ब्रॉथ, नो लार्ड" हे इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा आणि सरळ दाखवा, कुणी हसत नाही. उरलेलं डब्यात बांधून मागायला लाजू नका, सगळेच नेतात. टेबलावर बसून खाल्लं तर बिलावर १८ ते २० टक्के टिप धरूनच चाला, नाही तर मेन्यूवरचे आकडे स्वस्त वाटतात.

आता मुलाचं. त्याला "मी जाणार" असं सांगू नका, तो अजून घाबरेल. पहिल्या शनिवारी त्याला म्हणा, गाडी राहू दे, मला ट्रेननं ने. दोघं मिळून घर ते स्टेशन, स्टेशन ते कल्चरल सेंटर आणि परत असं जा, पण तिकिटाचं कार्ड तुम्ही टॅप करा, रस्ता तुम्ही सांगा, तो फक्त मागं चालू दे. त्यानं एकदा आपल्या आईला असं चालताना बघितलं की अर्धी भीती तिथंच जाते. सोमवारी तोच रस्ता एकटीनं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, प्रत्येक दारात पोचलं की एक मेसेज, आणि घरचा पत्ता, त्याचा नंबर, तुमच्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून जाकिटाच्या आतल्या खिशात. बीपी किंवा दमा असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, थंड हवेनं दोन्ही वाढतात. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढल्याशिवाय मात्र विमानात पाय ठेवू नका, तिकडे नुसता हात मोडला तरी बिल डोळे पांढरे करतं.

गड्ड्याचं वाईट वाटणारच, ते मी काही बोलून कमी होणार नाही. पण सोलापुरात दुपारचे बारा वाजतात तेव्हा शिकागोत रात्रीचे साडेबारा असतात. गड्ड्यातला अक्षता सोहळा रात्री जागून फोनवर बघा, नंदीध्वज डोळे भरून बघा, दुसऱ्या दिवशी उशिरा उठा आणि त्या दिवशी फिरायला जाऊ नका.

जाताना शेंगदाण्याची चटणी न्या, पिझ्झ्यावर भुरभुरून खाल्ली तर सुनेच्या मैत्रिणी पण मागतील. कडक भाकरी पण चालतील, टिकतात. उतरल्यावर कस्टम्समध्ये खाण्याचं सामान आहे हे स्वतःहून सांगायचं, लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर बघतात. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं अजिबात नाही. चटणी एकात एक दोन पिशव्यांत बांधून चेक-इन बॅगेत टाका आणि पांढऱ्या कपड्यांपासून लांब, तिला तेल सुटतं.